अडतीस मिनिटांचा जनरेटर

१ ऑक्टोबर, बुधवार

ही वही साळूनं दिली. जनरेटर भाड्यानं द्यायचो तेव्हाच्या कोऱ्या वह्या माळ्यावर पडून होत्या. त्यातली एक माझ्या पुढ्यात आपटून म्हणाली, "जे काय बोलायचं ते आता हिच्याशी बोला. माझे कान थकले." माझा आवाज मोठा आहे, कबूल. चाळीस वर्षं लग्नाच्या मांडवात चालू जनरेटरशेजारी उभा राहून बोललो, हळू बोलायची सवय लागणार कुठून? पण बायको मला माझीच वही देते, याचाही जरा रागच आला. असो.

घरगाडी जवळजवळ झाली. कागदावर तिला मोटरहोम म्हणतात, आम्ही घरगाडी म्हणतो. शाळेची जुनी मिनीबस घेऊन मी आणि रहेमाननं आठ महिन्यांत घडवली. रहेमान वडाळा नाक्यावर ट्रक-बसच्या सीटा शिवतो. आतले पलंग, गाद्या, पडदे, लाकडी कपाटं त्याची. वायरिंग, पाणी, जनरेटर माझं. तो चौथी शिकलेला, मी सातवी. पुढं सगळं हात भाजून शिकलो.

पुढं गाडी भाड्यानं द्यायची आहे, पण पहिली फेरी हमीदाभाभींची, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. रहेमानची बायको. फुप्फुसं थकलीत बिचारीची. नाकाला नळी, नळीला ऑक्सिजनचं मशीन, मशीनला चोवीस तास वीज. बारा तारखेला नांदेडला मेहविशचा निकाह आहे. मेहविश म्हणजे भाभींच्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती, पुढं दहा वर्षं भाभींच्याच पदराखाली वाढली, मग नांदेडला बापाकडं गेली. त्या लग्नाला भाभी नाहीत, हे कसं व्हायचं? दिवसभराचा रस्ता, तिथं चार दिवस मुक्काम. गाडीतली बॅटरी तीन तास पुरते. ऑक्सिजनचा सिलिंडर एकच, तो अडीअडचणीला. बाकी भार जनरेटरवर.

हा जनरेटर माझ्या जुन्यांसारखा नाही. ते पाण्यावर थंड व्हायचे, हा हवेवर होतो. छोटा, गुपचूप, गाडीच्या पोटात मागच्या कप्प्यात बसतो. आज एसीसकट दोन तास चालवला. अंगावर हात ठेवला, कोमट. आवाज मात्र दणदणीत. रहेमान म्हणाला, "कप्प्याला आतून फोम लावतो. नाहीतर हमीदाला झोप कशी यायची, सावळ्या?"

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आज मन भरलं. सकाळी जनरेटर पुसून लख्ख केला. हवा ओढायच्या तोंडावरची जाळी धुळीनं भरली होती, ती काढून धुऊन वाळत टाकली. साळूच्या भावानं मखमलाबादच्या मळ्यातून झेंडूच्या दोन पाट्या पाठवल्या होत्या. साळूनं मनगटाएवढा जाड हार केला. जाळीचे दोन हुक मोकळेच होते, त्यांना बरोब्बर तोंडावर अडकवला. काय शोभला म्हणून सांगू! हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला.

मग दुसरा हार घेऊन रहेमानच्या दुकानात. त्याच्या शिलाई मशीनला दसऱ्याचा हार मी घालतो, दुकान उघडलं त्या वर्षापासून. तो मशीन पुसून, बत्तासे आणून वाट बघत बसतो. भाभी नळी लावूनच बाहेर आल्या. आपट्याचं पान हातात धरून म्हणाल्या, "भाऊ, हे सोनं मी मेहविशच्या हातात देणार. नेणार ना तुमची गाडी?"

मी म्हणालो, "गाडी नाही गेली तर पाठीवर नेईन."

४ ऑक्टोबर, शनिवार

रहेमाननं काल-आज बसून कप्प्याला फोम लावला. काळा, जाड, कडा अशा शिवल्यात की गादीच वाटावी. दार लावलं की आवाज निम्म्यावर. जाता जाता म्हणाला, "सावळ्या, तो हार..." मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत राहू दे. सुकला की नदीला नेऊ." तो आणखी काही म्हणणार होता, तेवढ्यात त्याच्या दुकानातून फोन आला.

५ ऑक्टोबर, रविवार

बंद पडला!

मोठी चाचणी घ्यायची म्हणून एसी, ऑक्सिजनचं मशीन, पंखा, सगळं लावलं. घड्याळ लावून बसलो. अडतिसाव्या मिनिटाला धाप लागल्यासारखा आवाज करून गप्प. हात लावला तर चटका. गरम झाला की आपोआप बंद पडायची सोय आहे त्यात, म्हणून वाचला. निवल्यावर परत लावला. पुन्हा तेच.

दहाला पहाटे निघायचं, पाच दिवस उरलेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

ऑइल बदललं. डिझेलचा फिल्टर बदलला. एअर फिल्टर काढून झटकला, तो स्वच्छच होता. धुराचा पाइप बघितला, मोकळा. अडतीस मिनिटं.

ज्याच्याकडून घेतला त्या अंबडच्या दुकानदाराला फोन केला. कुणीतरी पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही लोड जास्त दिला असेल." अगं, मी तुझ्या जन्माआधीपासून लोड देतोय! तसं म्हणालो नाही. म्हणालो, "बाई, माणूस पाठव." म्हणे पंधरा तारखेच्या पुढं. पंधरा तारखेला काय मेहविशच्या पोराचं बारसं आहे? हे मात्र म्हणालो. फोन ठेवला गेला. त्यांनी ठेवला की मी, आठवत नाही.

दुपारी एसी बंद करून नुसतं ऑक्सिजनचं मशीन लावलं. पंचावन्न मिनिटं. म्हणजे भार कमी तरी मरण तेच, फक्त जरा उशिरा.

कप्प्यात करपट वास येतो. साळू डोकावून म्हणाली, "निर्माल्य जळल्यासारखं वास मारतंय." हिला काय कळतं? फोमचा गोंद तापलाय, त्याचा वास. माझ्या डोक्यात तिथंच लख्ख उजेड पडला. फोम! दसऱ्याआधी फोम नव्हता तेव्हा दोन तास चालला. फोम लावला आणि बिघडला. मधे दुसरं काय बदललंय?

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

रहेमानला बोलावलं. सांगितलं, तुझ्या फोमनं कप्पा कोंडला. तो खाली बसला, बोटं घालून मापं दाखवायला लागला.

"खालून चार बोटं जागा सोडलीय सावळ्या, वरून चार. गरम हवा मागं जायला पूर्ण रस्ता आहे. मी गाद्या शिवतो, पण इतकं मलाही कळतं."

"मग तापतो कशानं?"

"तोंडाजवळ बघ ना आधी. तो हार एकदा काढून..."

"हाराचं काय मधेच?"

"तू काढून तर बघ. माझं ऐक."

काय झालं मला कोण जाणे. दोन रात्री झोप नाही, डोकं आधीच फुटत होतं. माझ्या तोंडून गेलं, "चाळीस वर्षांनी तुला आमचा हार खुपायला लागला का रे?"

  त्यानं कात्री, दाभण, दोऱ्याचं रीळ एकेक करून पिशवीत घातलं. उठताना म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही बघा तुमच्या पद्धतीनं."

तुम्ही! आजवर त्यानं मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. चूक उघडी पडली की माणूस असा साळसूद होतो. कामात चुकला तर चुकला म्हण ना! मी चिडलो ते फोमवर, आणि हा हारावर घेऊन बसला.

तो गेल्यावर फोम ओरबाडून काढला. सगळा. नखं दुखतायत.

हार अर्ध्याच्या वर गळालाय. दोऱ्याला आठ-दहा फुलं उरली. खाली एकही पाकळी नाही. साळूनं झाडलं असेल.

८ ऑक्टोबर, बुधवार

सदतीस.

फोम नाही, दार सताड उघडं, गाडी झाडाच्या सावलीत, आणि सदतीस! एक मिनिट कमीच. मी त्या जनरेटरला लाथ मारली. अंगठा सुजलाय. साळूनं हळद लावली. 

दुपारी हमीदाभाभींचा फोन. दोन शब्द बोलायच्या, मग श्वास घ्यायच्या. "भाऊ, तुमच्या दोघांचं... काय झालं? हे जेवत नाहीत. मी म्हटलं, राहू दे नांदेड... मोबाइलवर बघेन मेहविशला."

मी म्हणालो, "भाभी, मोबाइलवर बघायला तुम्ही काय क्रिकेटची मॅच बघताय?"

त्या हसायला गेल्या आणि खोकल्या. खूप वेळ खोकत होत्या. फोन कानाला धरून मी उभाच. फोमचा गोंद वितळून आत गेला असणार, दुसरं काय? आणि ज्यानं तो लावला तो जेवत नाही म्हणे. मी तरी कुठं जेवलोय?

जनरेटर बाहेर काढून, उघडून बघितल्याशिवाय गत्यंतर नाही. पण शंभर किलोच्या वर धूड. आत बसवताना एक बाजू माझी होती, एक रहेमानची. एकट्यानं हलत नाही. तासभर रेटला, बोटभर सरकला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी साळू पदर खोचून आली. माझ्या जुन्या सामानातले तीन लोखंडी पाइप तिनं अंगणात आणून ठेवले होते. म्हणाली, "मळ्यात मोटारीचा पंप हलवायचो तसा हलवायचा. तुम्ही जॅकनं उचला, मी पाइप सारते." ही बाई बासष्ट वर्षांची आहे. पाइपावर घरंगळत घरंगळत जनरेटर अर्ध्या तासात फळीवर बाहेर. मी चार दिवस जगाच्या नावानं ओरडतोय, आणि ही पाइप घेऊन उभी.

पंख्यावरचं पत्र्याचं झाकण खोललं.

आत इंजिनाच्या अंगावर पत्र्याच्या पातळ पातळ पट्ट्या असतात. त्यांच्या मधल्या फटींतून हवा गेली की इंजिन निवतं. एकही फट दिसत नव्हती. सगळ्यांत काहीतरी तपकिरी, वाळलेलं, चहाच्या गाळासारखं थापून बसलं होतं. मी म्हणालो, "हा बघ, गोंद!"

साळूनं बोटानं थोडं उकरलं, तळहातावर चोळलं, वास घेतला. मग म्हणाली, "हा माझा हार आहे."

मला कळायला वेळ लागला. खरंच लागला. मी तिला विचारलं, "कुठला हार?"

ती पायरीवर बसली आणि तिनं कपाळावर हात मारला. "दसऱ्याचा! हे तोंडानं वारं ओढतंय, आणि तुम्ही त्याच्या तोंडातच झेंडू कोंबलाय. जाळी कुठाय?"

जाळी माझ्या हत्यारांच्या पेटीवर होती. धुतलेली, लख्ख, दसऱ्यापासून वाळत.

"फोम फाडला, ऑइल ओतलं, त्या पोरीला फोनवर झाडलं, रहेमानभाईंना नाही नाही ते बोललात. एकदा हार काढून बघायला काय झालं होतं? माझ्या हाराला हात लावला असता तर देव चावणार होता का तुम्हाला?"

माझे जुने जनरेटर मोठ्या बंद पत्र्याच्या पेटीत असायचे. हार पेटीवर पडायचा, तिथंच सुकायचा, कुणाचं काही बिघडायचं नाही. चाळीस वर्षं हार घातला म्हणून चाळीस वर्षं तो बरोबर जागी होता, असं मी धरून चाललो.

राग होता तो सगळा वळून माझ्याच अंगावर आला. दात घासायच्या ब्रशनं फटी साफ करत बसलो. घमेलंभर निघाला लगदा. जाळी बसवली. सुरू केला आणि साळूला घड्याळापाशी बसवून मी वडाळा नाक्याला निघालो.

दुकानात रहेमान एकटाच होता, ट्रकची सीट उसवत. मशीन उघडं. हार नाही. खोटं कशाला लिहू, माझ्या डोक्यात तेवढ्यातही ठिणगी पडली: म्हणजे काढलाच! मग नजर वर गेली. मशीनच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला हार होता. अख्खा. एक फूल गळालेलं नव्हतं. आणि त्या खिळ्याला बुडाशी जुन्या दोऱ्यांचे वेढेच्या वेढे, लिंबाएवढी गाठ झाली होती.

माझी नजर कुठं आहे ते त्यानं बघितलं.

"पहिल्याच वर्षी पाकळ्या मशीनच्या दात्यांत गेल्या," तो म्हणाला. "मशीन अडकलं. पूर्ण खोलावं लागलं. तेव्हापासून तुम्ही गेलात की काढून तिथं लावतो. दिवाळीपर्यंत असतो. मग फुलं गोदावरीला जातात. दोरा टाकवत नाही."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं घालायचात. खिळा ठोकला, झालं." तो उसवत राहिला. "परवा सांगत होतो. फेक म्हणत नव्हतो, सरकव म्हणत होतो."

वाटेत खूप काही बोलायचं ठरवलं होतं.  एवढंच निघालं, "रहेमान, माझ्या तोंडात किडे पडले."

"पडले," तो म्हणाला.

 आत ऑक्सिजनच्या मशीनची घरघर आणि भाभींचा खोकला. मग माझा फोन वाजला. साळू ओरडत होती, रहेमानलाही ऐकू गेलं असेल: "एक तास दहा मिनिटं झाली! हात लावून बघितला, कोमट आहे!"

रहेमाननं सीट बाजूला ठेवली. "फोम किती फाडलात?"

"सगळा."

"सगळा?" त्यानं डोळे मिटले. मग फोमची नवी गुंडाळी उचलली, पिशवीत दाभण टाकला. "हमीदासाठी येतोय. तुमच्यासाठी नाही."

संध्याकाळपर्यंत फोम लावला. पान्याशिवाय, कात्रीशिवाय एक शब्द बोलला नाही. "तो पाना द्या." "इथं धरा." द्या, धरा. मी दिलं, मी धरलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. पहाट

निघतोय. साळू मागं भाभींजवळ बसणार. डबे बांधलेत, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. काल जनरेटर चार तास चालला, मी बंद केला म्हणून बंद झाला. जाळीला आता हुकांवर भरवसा न ठेवता चार स्क्रू मारलेत. भाभींनी आपट्याचं पान पाकिटात घालून उशाशी ठेवलंय. रहेमान माझ्या शेजारच्या सीटवर आहे आणि काचेतून समोर बघतोय. तीच सीट त्यानं माझ्या पाठदुखीसाठी वेगळी शिवली होती, ते मला आत्ता आठवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार. नांदेड

निकाह झाला. भाभी दोन तास मांडवात बसल्या. मशीन गाडीत, तिथून खिडकीतून लांब नळी थेट खुर्चीपर्यंत. मेहविश निकाहनंतर आधी नवऱ्याकडं नाही, भाभींकडं धावली आणि नळीसकट त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. पान तिच्या मुठीत चुरगळलं. इथं सकाळपासून दोनदा वीज गेली. आमची गेली नाही.

रहेमान तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोललाय. सगळ्यांसमोर "सावळीरामभाऊ, या", "सावळीरामभाऊ, घ्या". ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, पण बोलायला तोंड कुठं होतं?

आणि आत्ता, अर्ध्या तासापूर्वीची गोष्ट. मेहविशचे वडील मोगऱ्याच्या माळा घेऊन आले. भला माणूस, डोळे भरलेले. म्हणाले, "या गाडीनं आमच्या हमीदाआपाला आणलं." पुढच्या काचेला माळ घातली, दाराला घातली. मग सगळ्यांत मोठी माळ घेऊन मागं गेले, "आणि ज्यानं हवा दिली त्यालाही एक," आणि कप्प्याचं दार उघडून थेट तोंडाकडं हात नेला.

"तिथं नको!"

मी आणि रहेमान, एकदम. असे ओरडलो की मांडवातली माणसं वळून बघायला लागली. ते बिचारे माळ हातात धरून दगडासारखे उभे.

आतून भाभींचं हसू आलं, खोकल्यासकट.

रहेमाननं ती माळ त्यांच्या हातातून घेतली, डोळ्यांना लावली, इकडंतिकडं बघून ड्रायव्हरच्या आरशाच्या दांडीला अडकवली. माझ्याकडं न बघता म्हणाला, "सावळ्या, जाळीचा खालचा स्क्रू आवळलास का?"

"आवळला."

"बघून ये."

"आवळला म्हणतोय ना!"

"बघून ये म्हटलं ना!"

गेलो. सैल होता.